‘डिबगिंग हायबरनेशन अँड सस्पेंड’ : एक परीक्षण

लिनक्स कर्नलच्या दस्तऐवजांत राफाएल विसोत्स्की यांचे २००७ सालचे उपरोक्त टिपण समाविष्ट आहे. ‘सस्पेंड’ स्थितीत लॅपटॉपची स्मृती तेवढी जागी राहते. ‘हायबरनेशन’मध्ये स्मृतीतील मजकूर डिस्कवर लिहून यंत्र बंद होते. या क्रिया फसू लागल्या म्हणजे दोषाचे स्थान कसे शोधावे, हा टिपणाचा विषय होय. वाशीम वा कारंजा येथील विद्यार्थ्यास जाणकार मनुष्य जवळ मिळेलच असे नाही. अशा वेळी हे टिपणच त्याचा गुरू ठरते; म्हणून त्याची चिकित्सा अगत्याची आहे.

टिपणाचा गुण त्याच्या पायऱ्यांत आहे. फ्रीझर, डिव्हाइसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स आणि कोअर या क्रमाने निद्रेची क्रिया उत्तरोत्तर पुढे नेली जाते आणि प्रत्येक ठिकाणी यंत्र पाच सेकंद थांबून परत येते. जेथे चाचणी प्रथम फसते, तेथे दोषाचा शोध सुरू होतो. डिव्हाइसेसच्या पायरीवर ती फसली, तर निम्मे ड्रायव्हर उतरवून पुन्हा चाचणी घ्यावी. ती यशस्वी झाल्यास उतरविलेल्यांपैकी निम्मे परत चढवावेत, अशी रीत सांगितली आहे. तर्कशुद्धतेच्या दृष्टीने ती निर्दोष आहे.

परंतु हा तर्क दोष प्रत्येक खेपेस प्रकट होतो, असे गृहीत धरतो. काही दोष दुसऱ्या खेपेसच दिसतात, म्हणून हायबरनेशनची चाचणी निदान दोनेक वेळा करावी, असे टिपण सांगते. पण ही जाणीव ड्रायव्हरांच्या विभागणीपर्यंत पोचत नाही. दहांत एकदाच प्रकट होणारा दोष घेतला, तर एका यशस्वी चाचणीने काहीच सिद्ध होत नाही. दोष कायम असूनही यश मिळण्याचा संभव शेकडा ९० असतो. फसगतीचा संभव शेकडा पाचाखाली आणावयाचा, तर लागोपाठ २९ यशस्वी चाचण्या हव्यात. हे गणित न केल्यास निर्दोष ड्रायव्हरावर ठपका येतो. तो प्रत्येक निद्रेपूर्वी उतरविला जातो, त्याच्या कर्त्याकडे खोटी तक्रार जाते आणि खरा दोष तसाच राहतो.

दुसरी मर्यादा काळाने आणलेली आहे. २०१३ साली कर्नल ३.९ मध्ये आलेल्या प्रकारात यंत्र फर्मवेअरच्या हाती न सोपविता निष्क्रिय ठेवले जाते. येथे तक्रार बहुधा जाग न येण्याची नसून गाढ झोप न लागण्याची, म्हणजे रात्रीत बॅटरी रिकामी होण्याची असते. पाच सेकंदांच्या चाचणीत ती दिसणे शक्य नाही.

या उणिवांमुळे टिपणाचे मोल नाहीसे होत नाही. दोष कोठे शोधावा, हे त्याने उत्तम शिकविले आहे. शोध केव्हा पुरा झाला असे मानावे, हे मात्र वाचकास स्वतःच शिकावे लागते.