सिंहाचं गाणं कुणाचं?

परवा वस्तीतल्या अभ्यासिकेत पोरांनी लॅपटॉपवर 'कमिंग टु अमेरिका' लावला होता. 1988 चा पिक्चर. एडी मर्फी हा झमुंडा नावाच्या कल्पित आफ्रिकी राज्याचा राजपुत्र. घरच्यांनी ठरवलेली, प्रत्येक गोष्टीला मान डोलावणारी नवरी त्याला नको असते. म्हणून तो न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात येतो, खाणावळीत फरशी पुसतो आणि आपल्या मनाने बायको शोधतो. पोरं पोट धरून हसली. मीही हसलो. समीक्षक झालो म्हणून तोंड वाकडं करून बसायला मला जमत नाही. पण पिक्चरच्या सुरुवातीचं गाणं तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

सिनेमाच्या संगीतावर लिहायचं म्हणजे चाल गोड की कडू, गळा कुणाचा, वाद्यं कोणती एवढंच लिहायचं, असा आपल्याकडे रिवाज आहे. हा रिवाज पोट भरलेल्यांचा. गाणं कुणाच्या घामातून आलं आणि पैसा कुणाच्या खिशात गेला, हे विचारलं की म्हणतात, कलेत राजकारण आणू नका. आम्ही कशाला आणू? ते आधीपासून तिथे पाट मांडून बसलेलं आहे.

या पिक्चरचं संगीत नाइल रॉजर्सचं. हा काळा माणूस तरुणपणी न्यूयॉर्कच्या ब्लॅक पँथरमध्ये होता. 1972 साली आपल्या पोरांनी ज्यांच्यावरून दलित पँथर हे नाव घेतलं, त्याच पँथरमध्ये. त्यामुळे या संगीतातला विनोद वरवरचा नाही. दरबारात नवरीचं आगमन जाहीर करायला एक सेवक गातो. राजवाडा आफ्रिकेचा, गळा मात्र युरोपच्या ऑपेऱ्याचा. राजेशाहीचा सगळा फुगा त्या एका उंच आवाजात फुटतो. पुढे केसांच्या तेलाची जाहिरात येते. 'सोल ग्लो' तिचं नाव. चाल इतकी गुळगुळीत की तेल कानात उतरतं. ते तेल विकणारं काळं कुटुंब सोफ्यावरून उठतं तेव्हा मागे डोक्यांचे तेलकट डाग राहतात. आपल्याच लोकांना स्वप्नं विकून श्रीमंत झालेल्यांची ही फजिती आहे.

सगळ्यात झोंबलं ते तिसरं. काळ्यांच्या जागृतीचा कार्यक्रम असतो. त्यात प्रवचन, सुंदरींची स्पर्धा आणि मग रँडी वॉटसन नावाचा गवई. तोही एडी मर्फीच. बेसूर गातो, माईक खाली टाकतो, पाय आपटत निघून जातो. टाळ्या वाजवणारा जेमतेम एखादा. मला आपल्या जयंतीचं स्टेज आठवलं. सत्कार, हार, पाहुण्यांची वाट, मग ऑर्केस्ट्रा, आणि ज्याच्या नावाने सगळं चाललंय त्याचा विचार कोपऱ्यात. घरातल्याने घरातल्यावर केलेला विनोद असा असावा. जो समाज स्वतःवर हसू शकतो तो लेचापेचा नसतो. इथवर मी या पिक्चरच्या बाजूचा आहे.

आता सुरुवातीचं गाणं. पडद्यावर जंगल, डोंगर, मग राजवाडा. त्यावर 'म्बुबे' चालू होतं. गाणारे लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो, दक्षिण आफ्रिकेतले झुलू गायक. वाद्य नाही, नुसते गळे. गाव सोडून खाणींत आणि शहरांत मजुरीला आलेल्या पुरुषांनी कामगारांच्या वसतिगृहांत वाढवलेली ही गायकी. पिक्चरला मात्र त्यातून एवढंच हवं असतं की आफ्रिका आली, हसायला तयार व्हा. गाण्याची इथे झालर झाली. आणि साल बघा. 1988. ज्या देशातून हे गळे आले तिथे तेव्हा वर्णभेदाचं राज्य होतं, नेल्सन मंडेला तुरुंगात होते. झमुंडात मात्र ना गोरा मालक, ना खाण, ना पास मागणारा पोलीस.

'म्बुबे' म्हणजे सिंह. हे गाणं रचलं सॉलोमन लिंडा या झुलू माणसाने. लिहिता-वाचता न येणारा मजूर. गॅलो कंपनीत रेकॉर्डी भरायच्या कामाला होता. 1939 साली जोहान्सबर्गमध्ये त्याच कंपनीच्या स्टुडिओत त्याने साथीदारांबरोबर हे गाणं म्हटलं. तिसऱ्या खेपेला, शेवटच्या काही क्षणांत, त्याला आयत्या वेळी एक उंच लकेर सुचली. तीच लकेर पुढे जगभर गेली. लिंडाला मिळाले दहा शिलिंग.

रेकॉर्ड अमेरिकेत पोचली. पीट सीगर या डाव्या विचारांच्या, कामगारांच्या बाजूच्या गायकाने ती ऐकली. शब्द नीट कळला नाही म्हणून 'विमोवे' असं म्हटलं. 1952 मध्ये त्याच्या द वीव्हर्स या गटाचं ते गाणं गाजलं, आणि रचणाऱ्याच्या जागी नाव लागलं पॉल कॅम्पबेल. हा पॉल कॅम्पबेल जन्मालाच आला नव्हता. गटाने कागदावर उभा केलेला माणूस. खऱ्या माणसाच्या जागी खोटं नाव, आणि तेही मित्रांच्या छावणीत! 1961 मध्ये त्या लकेरीवर इंग्रजी शब्द चढले आणि द टोकन्स या गटाने अमेरिका जिंकली. 1962 मध्ये लिंडा गरिबीत मेला. त्याच्या कबरीवर दगड लागायला 18 वर्षं गेली.

2000 साली रियान मालान या पत्रकाराने हे सगळं उघड्यावर आणलं. 2004 मध्ये लिंडाच्या मुलींच्या बाजूने डिस्नेवर दावा झाला, कारण 'द लायन किंग'मध्येही हेच गाणं होतं. 2006 मध्ये तडजोड झाली. वकिलांचा मुद्दा असा होता की जुन्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे माणूस मेल्यावर 25 वर्षांनी हक्क वारसांकडे परत येतो. म्हणजे 1987 साली. आपला हा पिक्चर आला त्याच्या पुढच्याच वर्षी.

याच पिक्चरच्या कथेवरूनही भांडण झालं. मूळ कल्पना माझी, म्हणून आर्ट बुकवाल्ड या नावाजलेल्या लेखकाने 1988 मध्ये पॅरामाउंट कंपनीवर खटला भरला. 1990 मध्ये कोर्टाने त्याचं म्हणणं मान्य केलं. हाती करार होता, वकील होता. त्याने आपला हक्क मागितला यात काही गैर नाही. पण हिशेब मांडा. लेखी कल्पनेला न्याय दोन वर्षांत. अडाणी मजुराच्या गळ्याला सदुसष्ट वर्षं, तीही तो मेल्यावर. बाबासाहेबांनी 'शिका' का सांगितलं, याचं याहून वेगळं उत्तर मला द्यायचं नाही.

मग मी एडी मर्फीला शिव्या घालून मोकळा होऊ का? तसं करता येत नाही. कारण चोर फक्त तिकडेच नाही.

आपल्या शाहिरांना ही चोरी ठाऊक होती. 'तुका म्हणे' ही जुनी रीत त्यांनी आपली केली. वामनदादा कर्डकांची (1922–2004) गाणी बघा. शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. कागद नाही, करार नाही, पण नाव गाण्यातच शिवून टाकलेलं. गाणं चोरायचं तर शेवटचं कडवं कापावं लागेल. आणि ते आम्ही कापलं! एका जयंतीच्या मिरवणुकीत दहा वाजत आले होते, पोलीस घड्याळ दाखवत होते. डीजेवाल्याला मीच ओरडून सांगितलं, "अरे, शेवटचं कडवं सोड, पुढचं घे." पोरं नाचत राहिली. एका पोराला दुसऱ्या दिवशी विचारलं, गाणं कुणाचं होतं रे? तो म्हणाला, "डीजेचं." मी त्याला काय बोलणार? कात्री माझ्या हातात होती.

लिंडाची लकेर त्याच्या गाण्याच्या शेवटी होती, वामनदादांचं नाव त्यांच्या गाण्याच्या शेवटी आहे. एक परक्यांनी नेली, दुसरं आपण टाकून देतोय.

तर मित्रांनो, पिक्चर जरूर बघा आणि खळखळून हसा. पण सुरुवातीचं गाणं लागलं की शेजारच्याला एवढं सांगा, हे सॉलोमन लिंडाचं. आणि येत्या 14 एप्रिलला मिरवणुकीच्या गाडीवर एक फळा लावा. गाणं कुणी लिहिलं, चाल कुणी लावली, गातंय कोण, हे खडूने लिहा. वेळ कमी पडला तर एक गाणं कमी वाजवा. शेवटचं कडवं कापू नका.