नागरी भूमीचे अर्थशास्त्र : एका अभ्यासक्रमाची समीक्षा

कवितेची, कथेची, आत्मकथनाची समीक्षा आपण करतो. विद्यापीठातल्या अभ्यासक्रमाची करीत नाही. वास्तविक अभ्यासक्रम हाही एक ग्रंथच असतो. त्यात काय वगळले आहे हे पाहिले की तो कोणी आणि कोणासाठी रचला हे कळते. जमीन, घरे आणि शहरविकास यांचे अर्थशास्त्र हा विषय मी विद्यापीठात शिकलो आणि आज शिकवतोही. मालमत्तेचे मूल्यांकन करणारे, नगररचना खात्यात बसणारे, बिल्डरांच्या कचेऱ्यांत हिशेब मांडणारे तरुण याच वर्गांतून बाहेर पडतात. आपल्या वस्त्यांचे भवितव्य ज्या कागदांवर ठरते, त्या कागदांची भाषा येथे घडते. म्हणून या ग्रंथाची झाडाझडती आपण घेतली पाहिजे.

प्रथम त्याचे म्हणणे नीट समजून घेऊ. डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली खंडाचा सिद्धान्त मांडला : धान्य महागले म्हणून खंड वाढतो, खंड वाढला म्हणून धान्य महागत नाही. १८२६ मध्ये जर्मनीच्या फॉन थ्यूनेनने एक काल्पनिक सपाट प्रदेश घेतला. मध्यभागी शहर, भोवती सर्वत्र सारखीच सुपीक जमीन. बाजारापासूनच्या अंतराप्रमाणे कोठे काय पिकेल आणि खंड किती पडेल, हे त्याने दाखवले. १९६४ मध्ये विल्यम अलोन्सोने हीच रीत आधुनिक शहराला लावली. प्रत्येक कुटुंब आपली मिळकत आणि कामावर जाण्यायेण्याचा खर्च पाहून जागेसाठी बोली लावते. ज्याची बोली मोठी त्याला जागा मिळते. नरिमन पॉइंट महाग आणि विरार स्वस्त का, याचे बरेचसे उत्तर या सिद्धान्तात आहे. ते मी नाकारीत नाही. आपल्या मुलांनी ते पक्के शिकावे, असेच माझे मत आहे.

प्रश्न त्यापुढचा आहे. या सिद्धान्तातल्या माणसाला मिळकत आहे, आवडनिवड आहे, प्रवासखर्च आहे. आडनाव तेवढे नाही. थ्यूनेनच्या सपाट प्रदेशाला गावकूस नाही. महारवाडा, मांगवाडा गावाबाहेर आहे, तो तिथल्या माणसांनी कमी बोली लावली म्हणून काय?

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठातले अर्थशास्त्राचे शिक्षण पाठीशी होते. भाडे देण्याची ऐपत होती, तयारीही होती. तरी शहरात खोली मिळेना. पारशी नाव नोंदवून त्यांना एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही त्यांना बाहेर काढले. बोली लावणारा हजर आहे, पैसा आहे, खोली रिकामी आहे. तरी व्यवहार होत नाही. बाबूराव बागूलांच्या १९६३ च्या कथासंग्रहातली ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ ही कथा आपण विद्रोहाची म्हणून वाचत आलो. ती घरभाड्याच्या बाजाराचा दस्तऐवज म्हणूनही वाचता येते. नायकाला नोकरी आहे, भाडे द्यायला पगार आहे; पण त्या खोलीची आणखी एक किंमत आहे, आणि ती स्वतःची ओळख लपवून चुकती करावी लागते. पाठ्यपुस्तकातल्या कोणत्या आलेखावर ही किंमत मांडायची?

हे मी वर्गात विचारले तेव्हा उत्तर मिळाले, की जात हा बाह्य घटक आहे आणि शहर तो पुसून टाकते. पुरावा काय सांगतो? २००१ च्या जनगणनेतील वॉर्डवार आकड्यांवरून देशातल्या सात सर्वांत मोठ्या महानगरांचा अभ्यास त्रिना विथायथिल आणि गायत्री सिंग यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. आर्थिक स्तरानुसार वस्त्या जितक्या विभागल्या आहेत, त्याहून अधिक त्या जातीनुसार विभागल्या आहेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व एकाच समाजापुरते मर्यादित ठेवणारा पोटनियम वैध ठरवला. म्हणजे ज्याला बाह्य घटक म्हटले जाते, तो सोसायटीच्या नोंदणीकृत पोटनियमांत बसू शकतो.

शास्त्राजवळ यावर एक तयार उत्तर आहे, तेही तपासू. गॅरी बेकरने १९५७ मध्ये मांडले, की भेदभाव करणाऱ्यालाही त्याचा भुर्दंड पडतो. यावरून असे शिकवले जाते, की चढाओढीच्या बाजारात भेदभाव हळूहळू टिकेनासा होतो. पण जेथे एका खोलीमागे दहा गरजू उभे आहेत, तेथे एका दलिताला नाकारून घरमालकाचे काय बुडते? उलट ‘आपल्याच लोकांची’ इमारत म्हणून शेजारी जास्त पैसे मोजतात. अशा ठिकाणी वगळणे हीच विकाऊ वस्तू होते. जात तेथे बाजाराबाहेर राहिलेली नाही. ती दरात शिरली आहे. मग ती अभ्यासक्रमाबाहेर का?

आता जमिनीच्या मूल्याकडे वळू. मूल्यांकनाच्या तासाला ‘सर्वोच्च व सर्वोत्तम उपयोग’ हे तत्त्व शिकवतात. जागेचा जो कायदेशीर वापर सर्वाधिक दाम देईल, तो सर्वोत्तम. या तत्त्वाने मुंबईच्या गिरण्यांकडे पाहा. गिरणीत विणखात्यात पगार चांगला. पण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली ते खाते अस्पृश्यांना बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीतला मोठा वाटा मोकळ्या जागेसाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरतीच उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. टॉवर उठले. मूल्यांकनाच्या पुस्तकात हा जमिनीचा सर्वोत्तम उपयोग. ज्यांना आधी विणखाते बंद होते, त्यांना नंतर ती जमीनही बंद झाली. हा हिशेब त्या पुस्तकात नाही.

वतनाचेही तेच. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक आणले. कनिष्ठ वतने प्रत्यक्षात १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. फेरप्रदान झालेली जमीन परवानगीशिवाय विकू नये, अशी शर्त सातबाऱ्यावर चढली. गावाच्या कडेची ती जमीन शहर वाढले तशी शहरात आली. २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतनी जमिनीच्या व्यवहारावरून मोठा वाद उठला, तेव्हा या शर्तीचा अर्थ पुष्कळांना प्रथमच कळला. शहरी जमिनीच्या अभ्यासात वतन हा शब्द येत नाही, हे अज्ञान म्हणावे की सोय?

बाबासाहेब स्वतः या शास्त्राचे पंडित होते. १९१८ च्या शेतीवरील निबंधात त्यांनी दाखवले, की तुकड्यांच्या शेतीचे मूळ दुखणे जमिनीवर साचलेल्या बेकार श्रमात आहे आणि उपाय उद्योगीकरणात आहे. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातिधर्मभेद न पाहता कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन हे भेदच उरणार नाहीत, अशी योजना मांडली. शहरी जमिनीला ती जशीच्या तशी लावावी असा माझा आग्रह नाही. पण जमिनीची मालकी आणि माणसाचा दर्जा यांचे नाते इतक्या उघडपणे मांडणारा अर्थशास्त्रज्ञ भूमीच्या अभ्यासक्रमात नसावा?

दोष एकट्या विद्यापीठाचा नाही. आपल्या साहित्याने खोलीतले दुःख लिहिले. खोलीखालच्या जमिनीचा कागद क्वचितच वाचला. १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. त्या चाळींनी चळवळ वाढवली, १९७४ ची वरळीची दंगल सोसली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतील पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ही लहान गोष्ट नव्हे. पण अशा प्रत्येक पुनर्विकासात विक्रीला किती बांधकाम जाते, चटई क्षेत्र किती मिळाले, देखभालीचा खर्च पुढे कोण पेलणार, हे विचारणारे आपल्यात किती आहेत? सभेत घोषणा आपल्या असतात आणि करारनामा दुसऱ्याने लिहिलेला असतो.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे, की या विषयाकडे पाठ फिरवू नका, वर्गात शिरा. सिद्धान्त पाठ करा आणि त्याच वहीत आपल्या वस्तीचा सातबारा, मालमत्ता पत्रक आणि भाडेपावती चिकटवा. प्रबंधाला विषय हवा असेल तर आपलीच चाळ घ्या : कोणाला खोली मिळाली, कोणाला नाकारली, काय कारण देऊन. शिक्षकांनी रिकार्डो आणि अलोन्सोबरोबर १९१८ चा निबंध आणि १९५८ चा वतन कायदा शिकवावा, आणि परीक्षेत त्यावर प्रश्न घालावा. कारण ज्यावर प्रश्न येत नाही, ते मुले वाचत नाहीत.