अंड्यातले दिवस कोण मोजतं?

कोविडच्या दुसऱ्या लाटेत मी पॉझिटिव्ह आलो आणि मुखेडला घरी, गच्चीवरच्या खोलीत चौदा दिवस एकटा राहिलो. आई दारात ताट ठेवून जायची. फोन होता, नेट होतं, खिडकीतून लिंबाचं झाड दिसायचं. तरी नवव्या दिवशी मी पंख्याशी बोलायला लागलो होतो.

अरुण फरेरांचं ‘कलर्स ऑफ द केज’ (२०१४) वाचताना ती खोली सारखी आठवत होती. मे २००७ मध्ये फरेरांना नागपुरात नक्षलवादी म्हणून अटक झाली, यूएपीए लागला. जानेवारी २०१२ मध्ये ते जामिनावर सुटले आणि पुढे त्या सगळ्या खटल्यांतून निर्दोष ठरले. मधली चार वर्षं आठ महिने त्यांनी मुख्यतः नागपूर जेलच्या अंडा बॅरक आणि फाशी यार्डात काढली.

अंडा म्हणजे उंच भिंतींच्या आतल्या, एकमेकांपासून तोडलेल्या कोठड्या. खिडकी नाही, झाड नाही. दिवसातले पंधराहून जास्त तास एकट्याने आत. बाकीच्या कैद्यांना तिथे शिक्षा म्हणून काही आठवडे पाठवतात आणि त्यापेक्षा मार परवडला, असं त्यांना वाटतं. फरेरा हे सगळं आवाज न चढवता सांगतात. दारं कशी, नियम कसे, मुलाखत कशी होते, हे एखाद्या यंत्राची माहिती द्यावी तसं. पुस्तकाची ताकद याच कोरडेपणात आहे.

कारण त्यातूनच खरी गोम कळते. एकांतवासाची शिक्षा फक्त कोर्ट देऊ शकतं, तीही दोषी ठरल्यावर. सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त नाही, एकूण तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही. आयपीसीच्या ७३-७४ कलमांतला हा नियम आता न्याय संहितेतही आहे. पण कच्च्या कैद्याला अंड्यात ठेवलं की कागदावर ती शिक्षा नसते, ‘सुरक्षा’ असते. कोठडी काही तास उघडते, दोन-चार माणसं दिसतात, म्हणून तो एकांतवासही नसतो. आमच्या कोडिंगमध्ये हा बग ओळखीचा आहे: मर्यादा घातलेली असते, पण व्हेरिएबलचं नाव बदललेलं, म्हणून काउंटर शून्यावरच राहतो.

तक्रार एकच. फरेरा जागेबद्दल खूप सांगतात, मनाबद्दल कमी. कोठडीचा नकाशा मी काढू शकेन, पण तिथली एखादी रात्र कशी गेली ते मला कळलं नाही. कदाचित तुटलो नाही हे दाखवणं त्यांना गरजेचं वाटलं असेल. पण पंख्याशी बोलणाऱ्या माणसाचं एक पान या पुस्तकात हवं होतं.

ऑगस्ट २०१८ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना पुन्हा अटक झाली. सुप्रीम कोर्टाचा जामीन मिळाला जुलै २०२३ मध्ये. त्या पाच वर्षांवर त्यांनी लिहिलं, तर मी आधी ते पान शोधेन.