साक्ष आणि लोकप्रिय इतिहास : ज्यूसंहाराच्या वाचनातून उस्मानाबाद जिल्ह्यातील १९४८ कडे

प्रास्ताविक :

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी राजवटीने सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या केली. या संहाराविषयी जगभर दोन प्रकारचे लेखन विपुल प्रमाणात झाले. पहिला प्रकार त्यातून वाचलेल्यांच्या साक्षींचा, तर दुसरा सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या लोकप्रिय इतिहासाचा. साक्ष ही एका माणसाने पाहिलेले व भोगलेले सांगते. लोकप्रिय इतिहास अनेकांनी भोगलेल्याला एक कथानक देतो. असे कथानक रचताना कोणाची साक्ष आत घेतली जाते आणि कोणाची उंबऱ्याबाहेर राहते, हा समीक्षेचा महत्त्वाचा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात ज्यूसंहाराच्या साक्षींच्या वाचनातून हाती येणारे काही निकष घेऊन आपल्या जिल्ह्यातील १९४८ सालाविषयीच्या लेखनाकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. ज्यूसंहार आणि हैदराबाद संस्थानातील १९४८ चा हिंसाचार या दोन घटना सारख्या नाहीत. पहिली एका आधुनिक राज्ययंत्रणेने आखून पार पाडलेली वंशहत्या होती. दुसरीची कारणे, व्याप्ती आणि स्वरूप वेगळे आहे. तुलना घटनांची नसून वाचनाच्या पद्धतीची आहे.

मराठी वाचक आणि ज्यूसंहार :

मराठी वाचकाला हा विषय प्रामुख्याने दोन वाटांनी परिचित झाला. एक वाट अॅन फ्रँकच्या रोजनिशीच्या अनुवादाची. दुसरी वि. ग. कानिटकर यांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ किंवा वि. स. वाळिंबे यांच्या ‘हिटलर’ यांसारख्या ग्रंथांची. या ग्रंथांनी मराठी वाचकांच्या एका पिढीला युरोपच्या इतिहासाची गोडी लावली, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि कानिटकरांच्या शीर्षकातील रूपक विचार करण्याजोगे आहे. भस्मासुर हा असुर आहे. तो माणूस नाही. दुष्टतेला असुराचे रूप दिले की तिचा अंत झाल्यावर कथाही संपते, आणि ज्यांच्या हातांनी ती दुष्टता प्रत्यक्षात उतरली ती माणसे नजरेआड होतात. एका टोकाला निरागस मुलगी आणि दुसऱ्या टोकाला असुर, या चित्रात मधली जागा रिकामी राहते. ती जागा शेजाऱ्याची असते.

युरोपीय लेखनाने ही मधली जागा हळूहळू भरून काढली. इटालियन ज्यू रसायनशास्त्रज्ञ प्रिमो लेव्ही यांचे आउश्वित्झविषयीचे पहिले पुस्तक १९४७ साली एका लहान प्रकाशकाने काढले आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्याला व्यापक वाचकवर्ग मिळाला तो १९५८ नंतर. १९८६ च्या आपल्या अखेरच्या निबंधसंग्रहात लेव्ही यांनी छळणारा आणि छळला जाणारा यांच्या दरम्यानच्या एका करड्या प्रदेशाची संकल्पना मांडली. क्रिस्टोफर ब्राउनिंग यांनी १९९२ मध्ये राखीव पोलीस बटालियन १०१ च्या अभ्यासातून दाखवले, की हजारो ज्यूंना गोळ्या घालणारे हे लोक मध्यमवयीन, सामान्य संसारी पुरुष होते. यान ग्रॉस यांच्या ‘नेबर्स’ या पुस्तकाने पोलंडमधील येडवाबने गावात १० जुलै १९४१ रोजी पोलिश गावकऱ्यांनीच आपल्या ज्यू शेजाऱ्यांना मारल्याचे जगासमोर आणले. त्याआधी गावातील स्मारकावर सारा दोष जर्मनांवर टाकलेला होता.

साक्ष कशी वाचावी? :

साक्षीच्या विश्वासार्हतेविषयी इतिहासकारांत दोन मते दिसतात. राऊल हिलबर्ग यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेला आपला प्रचंड ग्रंथ मुख्यतः जर्मन कागदपत्रांवर उभा केला. साक्षींकडे त्यांनी सावधपणे पाहिले. याउलट मनोविश्लेषक डोरी लाउब यांनी शोशाना फेल्मन यांच्यासह लिहिलेल्या १९९२ च्या ग्रंथात एक उदाहरण दिले आहे. आउश्वित्झमधील ऑक्टोबर १९४४ च्या उठावाविषयी सांगताना एका स्त्रीने चार धुराडी उडाल्याचे सांगितले. प्रत्यक्षात एकच उडाले होते. इतिहासकारांनी तिची साक्ष निरुपयोगी ठरवली. लाउब यांचे म्हणणे असे, की ती धुराड्यांची संख्या सांगत नव्हती. जे घडणे अशक्य मानले जात होते ते घडले, हे ती सांगत होती.

ही दोन्ही मते एकमेकांना पूरक ठरतात. ब्राउनिंग यांनीच पुढे २०१० मध्ये पोलंडमधील स्टाराखोविचे येथील श्रमछावण्यांचा इतिहास २९२ साक्षींची परस्परांशी पडताळणी करून लिहिला. यातून तीन निकष हाती येतात. पहिला, साक्षीदाराने स्वतः पाहिलेले आणि ऐकलेले यांत भेद करावा. दुसरा, तपशिलातील चूक म्हणजे साक्ष खोटी असे मानू नये. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, एका साक्षीचा उपयोग दुसरी साक्ष खोडण्यासाठी करू नये.

एक जिल्हा, अनेक साक्षी :

हे निकष घेऊन आपण उस्मानाबाद जिल्ह्याकडे वळू. आजचा धाराशिव आणि १९८२ मध्ये वेगळा झालेला लातूर, यांतील बराचसा प्रदेश तेव्हा एका जिल्ह्यात होता. पश्चिमेला सोलापूर व बार्शी, म्हणजे मुंबई प्रांत. अलीकडे निजामाचे राज्य. सीमेलगत स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते. स्वामी रामानंद तीर्थ ज्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत घडले, ती याच जिल्ह्यातली. रझाकारांचा नेता कासीम रझवी वकिली करीत होता तो लातूरला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून भारतीय सैन्य शिरले आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

या काळाविषयी पहिल्या साक्षी आहेत त्या स्वातंत्र्यसैनिकांच्या. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या इंग्रजी आठवणी (१९६७), अनंत भालेराव यांचे ‘पेटलेले दिवस’ आणि ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ (१९८७) हे लेखन मराठवाड्याच्या आत्मभानाचा पाया आहे. रझाकारांनी केलेली लूट, जाळपोळ, हत्या, स्त्रियांची विटंबना आणि रातोरात सीमेपलीकडे गेलेली कुटुंबे यांची नोंद या व अशा लेखनामुळे टिकली. ही साक्ष सौम्य करण्याचे कोणतेही कारण नाही.

दुसरी साक्ष पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या सद्भावना मंडळाच्या अहवालाची. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून हे मंडळ नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरले. पोलीस कारवाईच्या काळात व नंतर किमान २७ ते ४० हजार लोक मारले गेले असावेत, असा अंदाज त्यांनी दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे असल्याचे आणि या चारच जिल्ह्यांत अठरा हजारांच्या आसपास बळी गेल्याचे अहवाल सांगतो. मृतांत बहुतांश मुसलमान होते. लातुरात हत्याकांड वीस दिवसांहून अधिक काळ चालल्याची नोंद त्यात आहे. लूट, स्त्रियांचे अपहरण, सक्तीचे धर्मांतर, मालमत्ता व जमिनी बळकावणे यांचेही उल्लेख आहेत. सरकारने हा अहवाल प्रसिद्ध केला नाही. अनेक दशकांनंतर त्यातील मजकूर बाहेर आला आणि ए. जी. नूरानी यांच्या हैदराबादविषयक ग्रंथामुळे तो अभ्यासकांना सहज उपलब्ध झाला.

या अहवालाचे वैशिष्ट्य असे, की तो पहिली साक्ष खोडत नाही. हे चार जिल्हे रझाकारांचे प्रमुख अड्डे होते आणि येथील लोकांनी त्यांचा सर्वाधिक जाच सोसला होता, हे तो स्पष्टपणे नमूद करतो. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही तो नोंद घेतो. मात्र आधीचा जाच हे नंतरच्या हत्येचे कारण म्हणून सांगितले, तरी ते समर्थन ठरत नाही. मारल्या गेलेल्या सर्वांनी जाच केलेला नव्हता.

तिसरी साक्ष मोहम्मद हैदर यांची. १९४८ मध्ये ते उस्मानाबादचे कलेक्टर होते. कारवाईनंतर त्यांना अटक झाली आणि तुरुंगवास घडला. ‘ऑक्टोबर कू’ या त्यांच्या इंग्रजी आठवणी २०१२ मध्ये प्रकाशित झाल्या. पराभूत राज्यातील एका अधिकाऱ्याचे हे आत्मसमर्थन आहे आणि ते तसेच वाचावे. तरीही सीमेवरच्या कॅम्पांतून होणारे हल्ले, रझाकारांचा वाढता वरचष्मा आणि प्रशासनाची कोंडी कलेक्टरच्या खुर्चीतून कशी दिसत होती, हे अन्यत्र न मिळणारे दर्शन त्यात घडते. लेव्ही यांच्या संकल्पनेची आठवण व्हावी, असे हे स्थान आहे.

संख्येचा वाद :

सुंदरलाल अहवालावर मुख्य आक्षेप संख्येविषयी घेतला जातो. मंडळाला न्यायालयीन चौकशीचे अधिकार नव्हते. आकडे अंदाजाचे आहेत. हा आक्षेप रास्त आहे. येडवाबनेतही असेच घडले. ग्रॉस यांनी १६०० हा आकडा दिला. नंतरच्या पोलिश सरकारी तपासात किमान ३४० बळी निश्चित झाले. आकडा बदलला, पण शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारले हा निष्कर्ष टिकून राहिला. संख्येची चिकित्सा करणे हे इतिहासकाराचे कर्तव्यच आहे. परंतु संख्या अनिश्चित म्हणून घटनाच नाही, असा युक्तिवाद करणे ही पळवाट होय.

लोकप्रिय इतिहासाची चौकट :

आपल्याकडील लोकप्रिय मांडणी, मग ती १७ सप्टेंबरच्या भाषणांतील असो, स्मरणिकांतील असो वा वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतील, बहुधा शरणागतीच्या दिवशी थांबते. कथानकाच्या दृष्टीने ते स्वाभाविक आहे. अन्यायी राजवटीचा अंत हा उत्कर्षबिंदू असतो. सुंदरलाल अहवालातील अनेक मृत्यू मात्र त्या दिवसानंतरचे आहेत. म्हणजे कथा जेथे संपते तेथून काहींची विपत्ती सुरू होते. त्यामुळे ही साक्ष कोणी खोटी न ठरवताही आपोआप बाहेर राहते. उलट दिशेनेही असेच घडते. केवळ पोलीस कारवाईनंतरच्या हिंसेवर भर देणाऱ्या काही लेखनात रझाकारांचा कालखंड एखाद-दुसऱ्या परिच्छेदात आटोपला जातो. दोन्ही चौकटींत ‘रझाकार’ किंवा ‘बळी’ हे शब्द एका अख्ख्या समाजाचे पर्याय होऊन बसतात आणि व्यक्ती हरवते. रझाकारांविरुद्ध लेखणी चालवल्यामुळे ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झालेले ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान या दोन्ही चौकटींत नीट बसत नाहीत, ते यामुळेच.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते, की १९४८ विषयीच्या साक्षी परस्परविरोधी नसून परस्परांना अपुऱ्या आहेत. त्या एकत्र वाचल्याने मुक्तिसंग्रामाचे मोल कमी होत नाही. ज्या लढ्याने धर्मनिरपेक्ष लोकशाही राज्याची मागणी केली, त्याच्या वारसांनी शरणागतीनंतरच्या मृतांचीही नोंद ठेवणे हे त्या मागणीशी सुसंगतच आहे.

हे काम आपल्या महाविद्यालयांच्या आवाक्यातले आहे. १९४८ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. विलंबाला फारसा अवकाश उरलेला नाही. इतिहास, मराठी आणि उर्दू या विभागांनी मिळून सर्व समाजांतील वृद्धांच्या मुलाखती त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित कराव्यात. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे नोंदवावे. सांगणाऱ्याची इच्छा नसल्यास त्याचे व गावाचे नाव गुप्त ठेवावे, कारण मारणाऱ्यांची आणि मारल्या गेलेल्यांची नातवंडे आजही एकाच गावात नांदत आहेत. या ध्वनिमुद्रणांवर लगेच निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. प्रथम ती जपावीत, मग कागदपत्रांशी पडताळावीत, आणि त्यानंतरच जिल्ह्याच्या इतिहासाचे लेखन हाती घ्यावे.