‘यमुना’ : एका जुन्या विशेषनामाची अर्थवलये

विशेषनाम केवळ व्यक्तीचा निर्देश करते, तिच्या गुणांचा बोध करून देत नाही, हे जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये ‘अ सिस्टिम ऑफ लॉजिक’ या ग्रंथात मांडलेले मत तर्कशास्त्रापुरते ग्राह्य धरता येईल. साहित्यव्यवहारात ते टिकत नाही. कादंबरीतील नाव हे अर्थाने गच्च भरलेले चिन्ह असते आणि वाचक ते उलगडत जातो, हे रोलाँ बार्थने प्रूस्तविषयीच्या १९६७ मधील निबंधात दाखवून दिले. आपल्या परंपरेच्या परिभाषेत सांगायचे, तर विशेषनामाची अभिधा शून्यवत असली तरी त्याची व्यंजना मात्र अपार असू शकते. ‘यमुना’ या जुन्या मुलीच्या नावाच्या संदर्भात हा प्रश्न तपासून पाहण्यासारखा आहे.

हे नाव ऐकताच सुशिक्षित मराठी वाचकाच्या मनात काही चित्रे ठरल्यासारखी उमटतात : माजघरातला काळोख, परकर-पोलक्यातली मुलगी, अकाली आलेले पोक्तपण, आणि पुढे कुठेतरी वैधव्य. या चित्रांचे मूळ नावाच्या नादात किंवा नदीच्या रूपात शोधणे व्यर्थ आहे. ‘कालिंदी’ हे त्याच नदीचे नाव. निर्दिष्ट वस्तू एकच. तरीही ‘कालिंदी’ने काव्यात्म, काहीशी अलंकृत प्रतिमा जागी होते आणि ‘यमुना’ने, त्यातही ‘यमू’ने, घरगुती, सोसणारी. फ्रेगेने १८९२ मध्ये निर्देश आणि आशय यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. मात्र या दोन नावांच्या आशयातील अंतर तर्काने पडलेले नसून सामाजिक वापराने आणि वाङ्मयीन परंपरेने पडलेले आहे.

पुराणकथेने या नावात आधीच एक ताण ठेवलेला आहे. यमुना ही सूर्याची कन्या आणि यमाची बहीण. यमद्वितीयेला, म्हणजे भाऊबीजेला, तीच भावाला ओवाळते. पावित्र्य आणि मृत्यूचे सान्निध्य ही दोन्ही वलये एकाच नावाभोवती आहेत. बारशाला हे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात पहिलेच वलय असणार. मराठी कादंबरीने दुसरे प्रकाशात आणले.

बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कृतीत शीर्षकापासूनच नाव कार्यरत आहे. नदी वाहते, नायिका फिरते. आणि या प्रवासात तिला जागोजागी विधवांची दुःस्थिती दिसते. पुढे ती स्वतः विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते. म्हणजे येथील यमुना आरंभी पाहणारी आहे आणि नंतर भोगणारी. पण तिचा प्रवाह थांबत नाही. धर्मप्रचाराचा हेतू उघड असला, तरी नावातील गती या संहितेने जपली आहे.

हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये ही गती घरात कोंडली जाते. ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागलेल्या या कादंबरीची यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. प्रथमपुरुषी निवेदनाचे एक वैशिष्ट्य येथे महत्त्वाचे ठरते. निवेदिका स्वतःला ‘मी’ म्हणते. तिचे नाव संहितेत येते ते प्रायः इतरांच्या तोंडून. कधी मायेची हाक म्हणून, कधी दटावणी म्हणून. ‘मी’ आणि ‘यमू’ यांमधले हे अंतर म्हणजेच तिचे स्वत्व आणि तिच्यावर लादलेली भूमिका यांमधले अंतर होय. तिचे सक्तीने केशवपन होते तेव्हा ‘मी’ बोलत राहते, आणि ‘यमू’ ही घराण्याच्या मालकीची वस्तू ठरते. बालपणापासून तिला जिव्हाळा मिळतो तो दादाचा. यम-यमुनेचे भावंडनाते येथे लेखकाला अभिप्रेत असो वा नसो, वाचनप्रक्रियेत ते सक्रिय होतेच. मराठी वाचकाच्या मनातील ‘यमू’ची प्रतिमा घडवण्यात या कादंबरीचा वाटा मोठा आहे.

कादंबरीबाहेरच्या यमुनांची गोष्ट याहून अंतर्मुख करणारी आहे. १८६२ साली कुर्लेकरांच्या घरी जन्मलेली यमुना लग्नानंतर रमाबाई रानडे झाली. १८६५ साली जन्मलेली दुसरी यमुना लग्नात आनंदी झाली. १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळाली ती आनंदीबाई जोशी या नावाला. तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिण्याचा विधी सर्वपरिचित आहे. तांदळावरचे अक्षर हाताच्या एका फटकाऱ्याने मोडते. पण त्याने पुसलेले माहेरचे नाव परत येत नाही. स्त्रीने उखाण्यात पतीचे नाव ‘घ्यायचे’ आणि स्वतःचे सोडायचे, हा व्यवहार भाषेनेच पक्का केला आहे. रमाबाईंच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) या शीर्षकातील ‘आमच्या’ हे अनेकवचन आणि श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या शीर्षकातील जोडनाव, दोन्हींत यमुनेला जागा नाही. साहित्यात यमुना उरली ती दुःखाची खूण म्हणून. कर्तृत्वाच्या नोंदी दुसऱ्या नावांवर झाल्या. ‘यमुना’ हे नाव सोशिक वाटते, याचे एक कारण हेही आहे.

या प्रतिमेची वर्गीय आणि जातीय मर्यादा ओळखणेही आवश्यक आहे. लावणीगायिका यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांच्या नावाने माजघर आठवत नाही. आठवते ती बैठक, अदा आणि खडा सूर. नावापुढे निर्देश येतो तो वाई या गावाचा. त्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच नावाने. ‘यमुना म्हणजे सोसणारी’ हे समीकरण पांढरपेशा वाचकवर्गाच्या वाचनातून आलेले आहे. ते समग्र मराठी अनुभवाचे म्हणून मांडणे ही समीक्षेची चूक ठरेल.

जुनी नावे आता पुन्हा गोड वाटू लागली आहेत. अंतर पडले की वापरून झिजलेल्या वस्तूला शोभा येते, तसेच हे आहे. परंतु ‘यमुना’ हे नाव सुंदर वाटणे आणि त्या नावाच्या स्त्रियांचे काय झाले हे विसरणे या दोन क्रिया एकमेकींपासून फार दूर नाहीत. नावाचा ठसा ही त्याची जन्मजात मालमत्ता नसते. कोणी ते ठेवले, कोणी हाक मारली, कोणी पुसले आणि कोणी राखले, यांतून तो घडतो. नामाची समीक्षा करायची तर ती सौंदर्यापाशी न थांबता या चार क्रियांच्या कर्त्यांपर्यंत गेली पाहिजे.