खांबांच्या मोजदादीपलीकडचे संसद भवन

दिल्लीचे संसद भवन पाहून आल्यावर लिहिल्या जाणाऱ्या मराठी प्रवासलेखांचा एक साचा ठरून गेला आहे. वर्तुळाकार वास्तू, बाहेरील ओवरीचे १४४ खांब, ५६० फुटांचा व्यास, ल्युटेन्स व बेकर ही नावे. अखेरीस लोकशाहीच्या मंदिरास वंदन. यातील माहिती खोटी नाही. भव्यतेपुढे माणसाने क्षणभर थबकावे, यातही गैर काही नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. या लेखांत दगड दिसतो. त्या दगडाच्या आत कोणाच्या जागी कोण येऊन बसले, ते दिसत नाही.

मुळात ही वास्तू लोकशाहीसाठी बांधलेलीच नव्हती. १२ फेब्रुवारी १९२१ रोजी तिची कोनशिला बसली आणि १८ जानेवारी १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांनी तिचे उद्घाटन केले, तेव्हा ते साम्राज्याचे कौन्सिल हाउस होते. कायदेमंडळाच्या दोन सभागृहांखेरीज तेथे तिसरे दालन होते ते नरेंद्रमंडळाचे, म्हणजे संस्थानिकांचे.

या तिसऱ्या दालनाचा उल्लेख आपल्या लेखकांकडून सहसा सुटतो, याचे आम्हांस विशेष नवल वाटते. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद येथील आपल्या कितीतरी घराण्यांची चूल संस्थानी चाकरीवर पेटली. हैदराबादसारखे मोठे संस्थान नरेंद्रमंडळापासून दूरच राहिले, हे खरे. तरीही संस्थानी भारताचे दिल्लीतील दालन हेच. तेथे १९३७ पासून फेडरल कोर्ट भरले आणि २८ जानेवारी १९५० पासून १९५८ पर्यंत सर्वोच्च न्यायालय. पुढे तेच दालन ग्रंथालयाच्या उपयोगी आले. शेजारच्या मध्यवर्ती सभागृहाचा प्रवास याच्या उलट झाला. ते आधी ग्रंथालय होते. ९ डिसेंबर १९४६ रोजी तेथे घटना समितीची पहिली बैठक भरली. एप्रिल १९४७ मध्ये ज्या पहिल्या काही संस्थानांच्या प्रतिनिधींनी तेथे आसने घेतली, त्यांत बडोदे होते.

माणसांच्या बाबतीतही असेच घडले. गणेश वासुदेव मावळंकर यांचे मूळ रत्नागिरीकडचे, जन्म १८८८ मधला बडोद्याचा आणि कर्मभूमी अहमदाबाद. १९४६ च्या जानेवारीत ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले, तेव्हा मताधिकार मोजक्यांना होता. मे १९५२ मध्ये ते लोकसभेचे पहिले सभापती झाले, तेव्हा समोरचे सभासद प्रौढ मतदानाने निवडून आले होते. वास्तू तीच, अध्यक्षस्थानी बसणारी व्यक्तीही तीच. बदलला तो त्या आसनाला मिळालेल्या अधिकाराचा उगम. हा बदल खांब मोजून कळणारा नव्हे.

२८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले, १९ सप्टेंबरपासून कामकाज तेथे सुरू झाले आणि जुन्या वास्तूस ‘संविधान सदन’ हे नाव मिळाले. नवी इमारत त्रिकोणी आहे. बेकर यांची पहिली कल्पनाही त्रिकोणाचीच होती आणि वर्तुळाचा आग्रह ल्युटेन्स यांचा होता, ही मौजेची गोष्ट. परंतु आता नित्याचे कामकाज हलल्यामुळे जुन्या वास्तूविषयी लिहिणाऱ्याची जबाबदारी वाढली आहे. आजवर वाद, घोषणा, सभात्याग यांच्या बातम्यांतून ती वास्तू रोज डोळ्यांपुढे येत होती. यापुढे नव्या पिढीला ती बव्हंशी लेखांतूनच भेटेल. त्या लेखांत केवळ मापे उरली, तर तिचे कौन्सिल हाउस पुन्हा जिवंत होईल आणि लोकांनी ते आपलेसे कसे केले, हे विस्मरणात जाईल.

दुसऱ्याच्या मुलखात येऊन, दुसऱ्याने बांधलेल्या वेशीच्या आत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या समाजाला तरी हे समजावून सांगावे लागू नये. घर कोणी बांधले याइतकेच त्यात पुढे कोण राहिले आणि काय करून राहिले, हेही महत्त्वाचे असते. दिल्लीस जाणाऱ्या आपल्या लेखकांनी खांब जरूर मोजावेत. पण त्यानंतर प्रत्येक दालनापुढे उभे राहून, येथे आधी कोणाला प्रवेश नव्हता आणि तो केव्हा मिळाला, एवढे विचारावे व लिहावे.