हीटमॅपवरचा काळा भाग कसा वाचायचा? सायकल मार्गांच्या डेटाची चिकित्सा, किल्लारीच्या संदर्भात



पेटची लेखी परीक्षा झाली की पुढचा प्रश्न असतो तो संशोधन आराखड्याचा. भूगोल, पर्यावरणशास्त्र, जिओइन्फॉर्मॅटिक्स अशा विषयांतल्या विद्यार्थ्यांना सध्या एक विषय फार आवडतो : ग्रामीण डोंगराळ भागातले सायकल पर्यटन मार्ग. विषय चांगला आहे. आपल्याकडे त्याला साजेसा भूप्रदेशही आहे. किल्लारीहून औसा, लातूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला जायचं, तिथून भोकर, हिमायतनगर, इस्लापूर, किनवट आणि शेवटी माहूर. सुरुवातीला तेरणेचं खोरं आणि बालाघाटचे उघडे माळ, शेवटी पैनगंगेच्या काठचं सागाचं जंगल. एकाच प्रवासात दोन वेगळे मराठवाडे दिसतात.

अडचण डेटाची आहे. असा आराखडा लिहिताना बहुतेक जण दोन गोष्टी घेतात. एक, स्ट्रावाचा हीटमॅप, म्हणजे लोक कुठे सायकल चालवतात ते. दोन, उपग्रहावरून किंवा अवकाशयानातून मिळालेला उंचीचा डेटा, म्हणजे चढ किती ते. दोन्ही फुकट बघता येतात, दोन्ही दिसायला देखणे असतात. आज या दोघांची चिकित्सा करू. चिकित्सा म्हणजे निंदा नाही. हा डेटा कशासाठी तयार झाला, काय सांगू शकतो आणि आपण त्याच्याकडून जबरदस्तीने काय वदवून घेतोय, हे तपासायचं.

आधी हीटमॅपचं श्रेय

स्ट्रावाने नोव्हेंबर २०१७ मध्ये जागतिक हीटमॅपची जी आवृत्ती काढली, तिच्यात सुमारे १ अब्ज नोंदी होत्या. धावणं, चालणं, सायकल, पोहणं सगळं मिळून. एखाद्या विद्यापीठाला हे काम स्वतःच्या बळावर शक्य नव्हतं. एकाच शहरातल्या दोन समांतर रस्त्यांपैकी व्यायाम करणारे सायकलस्वार कोणता निवडतात, हे त्यावरून बऱ्यापैकी कळतं. नकाशात नसलेल्या पायवाटाही सापडतात. इथपर्यंत तक्रार नाही.

आता तीन हरकती

पहिली हरकत सर्वांना सुचते : नमुना. स्मार्टफोन किंवा जीपीएस घड्याळ असलेला, ॲप सुरू करून निघणारा माणूसच इथे नोंदला जातो. सकाळी डबा हँडलला अडकवून शेताकडे निघालेले काका ॲप सुरू करत नाहीत. शाळेला निघालेली मुलगीही नाही. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांमधल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात. या मुलींची रोजची फेरी हे ग्रामीण महाराष्ट्रातलं खरं, नियमित सायकलिंग आहे. हीटमॅपवर ते शून्य मोजलं जातं.

दुसरी हरकत रंगाची आहे आणि ती आराखड्यांमध्ये जवळपास कुणीच लिहीत नाही. हीटमॅपचा रंग म्हणजे थेट संख्या नव्हे. प्रत्येक ठिकाणचा रंग आजूबाजूच्या भागातल्या नोंदींच्या तुलनेत ठरवला जातो. याला नॉर्मलायझेशन म्हणतात. असं केलं नसतं तर मोठी शहरं सोडून सगळं जग काळंच दिसलं असतं, त्यामुळे चित्र म्हणून हा निर्णय बरोबरच आहे. पण त्याची किंमत काय? पुण्यातला ठळक रस्ता आणि लातूरमधला ठळक रस्ता यांचा रंग सारखा असला, तरी संख्येत कितीही पटींचा फरक असू शकतो. म्हणून 'पुण्याच्या तुलनेत औसा तालुक्यात सायकलिंग इतके टक्के' असं विधान रंगावरून काढताच येत नाही. मार्गदर्शकांनी विचारण्याआधी हे स्वतःला विचारा.

तिसरी हरकत सर्वांत महत्त्वाची. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की वाळवंटात, जिथे बाकी काहीच नाही, तिथे लष्करी तळांची रूपरेषा हीटमॅपवर चमकते आहे. जवान तळाभोवती धावत होते. जगभर गोंधळ झाला. त्यानंतर स्ट्रावाने नियम बदलले. त्यातला एक असा : ज्या रस्त्यावर फार थोड्या नोंदी आहेत, तो अनेक वेगवेगळ्या वापरकर्त्यांच्या नोंदी आल्याशिवाय दिसणार नाही. गोपनीयतेसाठी हे योग्यच. पण संशोधकासाठी याचा अर्थ बघा. समजा किनवटच्या जंगलातल्या एका रस्त्यावर वर्षभरात एकाच सायकलस्वाराने नोंद केली. नकाशावर तो रस्ता काळा. शेजारच्या रस्त्यावर कुणीच गेलं नाही. तोही काळा. 'थोडं' आणि 'अजिबात नाही' यांतला फरक पुसला गेला, आणि विरळ वापराच्या ग्रामीण भागात आपल्याला नेमका तोच फरक हवा असतो.

किल्लारीला हा मुद्दा नवा नाही

नकाशावर नोंद नाही म्हणजे गोष्टच नाही, असं मानण्याची किंमत या गावाला माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे इथे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग झोन १ मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या गटात होता. दख्खनचा खडक स्थिर, जुन्या मोठ्या भूकंपांची नोंद नाही, म्हणून धोका कमी, असा तो तर्क. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, लोकांना लहान धक्के जाणवत होते, तरी नकाशा होता तसाच राहिला. २००२ मध्ये मानक सुधारलं तेव्हा झोन १ हा गटच काढून टाकला आणि किल्लारीचा परिसर झोन ३ मध्ये गेला.

भूकंप आणि सायकल यांची बरोबरी मी करत नाहीये. तर्कातली चूक मात्र एकच आहे : नोंदीचा अभाव हा घटनेचा अभाव म्हणून वाचणं. सायकलच्या बाबतीत त्याची किंमत अशी की 'इथे कुणी सायकल चालवत नाही' असा निष्कर्ष अहवालात जातो. मग रस्ता रुंद होताना सायकलसाठी साइडपट्टी धरली जात नाही, आणि उसाच्या ट्रॉलीच्या बाजूने शाळेला जाणाऱ्या मुलीची जागा कागदावरही उरत नाही.

उंचीचा डेटा : सपाट रस्त्यावर दोन कळसूबाई

आता दुसरा डेटा. सर्वांत परिचित उंचीचा डेटा म्हणजे एसआरटीएम. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीच्या सुमारे ८० टक्के भूभागाची उंची मोजली. एक चौकट साधारण ३० मीटरची.

'या मार्गावर एकूण चढ इतके मीटर' हे वाक्य मार्गांच्या वर्णनात हमखास असतं. पण एकूण चढ ही लांबीसारखी स्थिर राशी नाही. ती किती अंतराने मोजता यावर बदलते. एक साधं गणित करू. १०० किलोमीटरचा पूर्ण सपाट रस्ता घ्या. प्रत्येक बिंदूच्या उंचीत २ मीटर प्रमाण विचलनाची यादृच्छिक चूक आहे आणि चुका एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरा. तर प्रत्येक टप्प्यात सरासरी १.१३ मीटर खोटा चढ जमा होतो. दर ३० मीटरला मोजलं तर ३,३३३ टप्पे, म्हणजे सुमारे ३,७६० मीटर चढ. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. सपाट रस्त्यावर दोन कळसूबाई चढून झाले! दर ३०० मीटरला मोजलं तर तोच खोटा चढ ३७६ मीटरवर येतो. प्रत्यक्ष डेटात शेजारच्या बिंदूंच्या चुका एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे आकडा इतका फुगत नाही, पण दिशा हीच. म्हणून मोजणीचं अंतर आणि स्मूदिंगची पद्धत न लिहिता दिलेला चढाचा आकडा तुलनेच्या कामाचा नाही.

याच्या वर जंगलाचा प्रश्न. एसआरटीएमचं रडार दाट झाडीत जमिनीपर्यंत पूर्ण पोहोचत नाही, शेंडा आणि जमीन यांच्या मधली कुठलीतरी उंची देतं. जंगलातला रस्ता काही मीटरच रुंद, चौकट ३० मीटरची, म्हणजे चौकटीत रस्त्यापेक्षा सागच जास्त. शेत संपून जंगल सुरू होतं तिथे डेटात खोटी पायरी तयार होते. किल्लारी ते अहमदपूर बराचसा उघडा मुलूख आणि किनवट ते माहूर झाडीचा, यांची चढाची तुलना केली, तर दुसऱ्या भागातली चूक जंगलाशीच बांधलेली असते. 'जंगलातला मार्ग अधिक खडतर' हा निष्कर्ष मग रस्त्याचा आहे की झाडांचा, हे सांगता येणार नाही. यादृच्छिक चूक नमुना वाढवून कमी करता येते. अशी पद्धतशीर चूक कितीही किलोमीटर मोजलं तरी कमी होत नाही.

मग सरकारी आकडे वापरायचे का?

वापरा, पण त्यांनाही हेच प्रश्न विचारा. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचं साधन विचारलं होतं आणि त्यात सायकल हा पर्याय होता. पण हा प्रश्न फक्त 'इतर कामगार' या गटाला होता. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले लोक त्यात नाहीत. म्हणजे डबा अडकवून निघालेले काका इथेही बाहेरच. एक डेटा फोन नाही म्हणून त्यांना गाळतो, दुसरा व्याख्येमुळे. दोन्ही स्रोत एकच गोष्ट सांगतात म्हणून ती खरी, असं म्हणण्याआधी दोघांनी एकाच माणसाला गाळलंय का ते बघा.

आराखड्यात काय लिहाल?

– हीटमॅप ठेवा, पण 'ॲप वापरणाऱ्यांचा मार्गाचा कल' एवढंच नाव द्या. 'सायकलिंगचं प्रमाण' म्हणू नका.

– चार-पाच ठिकाणी हाताने मोजणी करा. शाळा भरताना, आठवडी बाजाराच्या दिवशी आणि एका साध्या दिवशी. उसाचा हंगाम आणि मे महिना वेगवेगळे धरा, कारण रस्ता तोच असला तरी ट्रॉल्या आणि ऊन वेगळे असतात.

– सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसा. पंक्चर कुठल्या गावच्या सायकलींची येते, हा डेटा कुठल्याही सर्व्हरवर नाही.

– निवडक चढांवर दाबमापी असलेल्या उपकरणाने उंची मोजा आणि एसआरटीएमशी ताडून पाहा. उघड्या भागातला आणि झाडीतला फरक वेगळा मांडा. आराखड्यातला हा एक तक्ता तुमची समज दाखवायला पुरेसा आहे.

– 'मर्यादा' हे प्रकरण शेवटी दोन ओळींत उरकू नका. कोण मोजलं गेलं नाही, हे पद्धतीच्या प्रकरणातच लिहा.

समितीपुढे बसल्यावर 'डेटा कुठून घेतला?' हा प्रश्न सोपा असतो. 'या डेटात कोण नाही?' हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर तयार असेल तर बाकीच्या प्रश्नांना घाबरायचं कारण नाही. तुमच्या आराखड्यातला डेटा कोणता आणि त्यात कोण सुटलंय, ते खाली लिहा. एकेकाचं बघू.